नागपूरहून लांबच्या शहराचं अंतर कसं काढायचं: हवाई आणि रस्त्याचं

नागपूर ते लेह किती किलोमीटर? चार ठिकाणी पाहिलं तर चार आकडे मिळतात: १४५३, १४७५, २०४० आणि २३२०. गंमत अशी की चारही बरोबर आहेत. पहिला आकडा शहरापासून शहरापर्यंतच्या सरळ रेषेचा. दुसरा दिल्लीला विमान बदलून गेल्याचा. तिसरा मनालीमार्गे रस्त्याचा आणि चौथा श्रीनगरमार्गे रस्त्याचा. आकडा चुकण्याआधी प्रश्नच अर्धवट विचारलेला असतो. म्हणून कुठून, कुठपर्यंत, कशाने आणि कोणत्या महिन्यात, हे आधी कागदावर लिहा. मग मोजायला लागा.

हवाई अंतर हे गणित आहे. दोन टोकं ठरली की त्याचं उत्तर एकच. रस्त्याचं अंतर मात्र वाटेवर, हंगामावर आणि नदीवर पूल आहे की नाही यावर ठरतं. त्यामुळे दोन्ही काढण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि दोन्हीकडे होणाऱ्या चुकाही वेगळ्या.

आधी टोकं ठरवा

नागपूर म्हणजे नेमकं कोणतं ठिकाण? कामठीपासून बुटीबोरीपर्यंत गेलं तर पंचेचाळीसेक किलोमीटर होतात, आणि लोक या सगळ्याला नागपूरच म्हणतात. सोनेगावचं विमानतळ शहराच्या मध्यापासून नैऋत्येला आठेक किलोमीटरवर आहे, गणेशपेठचं एसटी स्टँड वेगळ्याच बाजूला. जबलपूरला जाणाऱ्याचा रस्ता कामठी रोडने सुटतो, हैदराबादला जाणाऱ्याचा वर्धा रोडने. शंभर किलोमीटरच्या प्रवासात या फरकाने दहा-पंधरा टक्के इकडे तिकडे होतात. हजार किलोमीटरच्या प्रवासात तो फारसा जाणवत नाही.

साधा नियम असा ठेवा. विमानाचं अंतर विमानतळ ते विमानतळ मोजा. रस्त्याचं अंतर तुम्ही खरोखर जिथून गाडी काढणार तिथून मोजा. फक्त तुलना करायची असेल तर झिरो माइल हा नागपूरचा बिंदू धरायला उत्तम: सीताबर्डीजवळ आहे, सगळ्यांना माहीत आहे आणि नकाशावर नेमका सापडतो.

टोकं न पाहता आकडा उचलला की काय होतं, याचं घरचंच उदाहरण समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटर हा आकडा नागपूर-मुंबई अंतर म्हणून सर्रास सांगितला जातो. पण ही लांबी नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतची आहे. झिरो माइलवरून शिवमडक्याला पोचणं आणि आमणेहून पुढे मुंबईत शिरणं, हे दोन्ही तुकडे वेगळे जोडावे लागतात. डिझेलचा हिशेब ७०१ वर बांधला तर शेवटच्या टप्प्यात कमी पडेल, आणि तोच टप्पा ट्रॅफिकचा.

अक्षांश-रेखांश काढणं

मोबाईलवर गुगल मॅप्स उघडा आणि हव्या त्या जागेवर बोट दाबून धरा. खूण पडते आणि दोन दशांश आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. नागपूरसाठी ते साधारण २१.१५ आणि ७९.०९ येतात. अक्षांशाचा ०.०१ अंश म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर, त्यामुळे दोन शहरांच्या अंतरासाठी दोन दशांश स्थळं पुष्कळ झाली. चार स्थळं घेतली तर अकरा मीटरपर्यंत नेमकेपणा येतो. घरापासून शेतापर्यंत मोजायचं असेल तर तो कामाचा, अगरतळ्यासाठी नाही.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे आकडे उलटे टाकणं. नागपूरचे आकडे उलटे टाकले तर ७९ उत्तर, २१ पूर्व असा बिंदू मिळतो आणि तो आर्क्टिक महासागरात स्वालबार्ड बेटांच्या परिसरात पडतो. भारतातल्या कुठल्याही गावाचा अक्षांश ३८ च्या खाली आणि रेखांश ६८ च्या वर असतो, एवढं लक्षात ठेवलं की ही चूक लगेच सापडते.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. जुन्या नकाशांत आणि गॅझेटियरमध्ये आकडे अंश, मिनिटं आणि सेकंदांत असतात, उदाहरणार्थ २१ अंश ८ मिनिटं ४५ सेकंद. हे सरळ २१.०८४५ असं लिहून टाकलं तर बिंदू जवळजवळ सात किलोमीटर दक्षिणेला सरकतो. बरोबर रीत अशी: मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३६०० ने भागा आणि दोन्ही अंशांत मिळवा. २१ + ०.१३३३ + ०.०१२५ = २१.१४५८. उत्तर नकाशावर टाकून खूण कुठे पडते ते पाहून घ्या.

नावांच्या सारखेपणानेही घात होतो. नागपुरात बसून बिलासपूर टाकलं की छत्तीसगडचं येतं. पण मनालीच्या वाटेवर लागणारं बिलासपूर हिमाचलचं आहे. अगरतळ्याहून पन्नासेक किलोमीटरवर त्रिपुराचं उदयपूर आहे आणि अंतर सांगणाऱ्या वेबसाइट त्याऐवजी राजस्थानचं काढतात. औरंगाबाद बिहारमध्येही आहे. म्हणून गावाच्या नावासोबत राज्याचं नाव टाकायची सवय लावा, आणि शक्य तिथे नावाऐवजी अक्षांश-रेखांशच टाका.

कागदावर हवाई अंतर

भारतापुरत्या अंतरासाठी त्रिकोणमितीची मोठी सूत्रं लागत नाहीत. तीन गोष्टी पुरतात.

उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, हे कुठेही जवळपास सारखंच. पूर्व-पश्चिम एक अंश मात्र विषुववृत्तावरच १११ किलोमीटरचा असतो. उत्तरेकडे जाऊ तशा रेखांशाच्या रेषा जवळ येत जातात. नागपूरच्या पातळीवर हा अंश सुमारे १०४ किलोमीटर होतो, लेहच्या पातळीवर ९२. किती आक्रसायचा हे त्या अक्षांशाचा कोसाइन सांगतो (कॅल्क्युलेटरवरचं cos बटण). दोन शहरांचे अक्षांश वेगळे असतील तर त्यांच्या मधल्या अक्षांशाचा कोसाइन घ्यायचा. मग दोन्ही फरक काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू समजून कर्ण काढायचा.

नागपूर ते अगरतळा करून पाहू. नागपूर २१.१५ आणि ७९.०९, अगरतळा २३.८३ आणि ९१.२८.

अक्षांशांतला फरक २.६८. गुणिले १११.२, म्हणजे २९८ किलोमीटर उत्तरेला.
रेखांशांतला फरक १२.१९. मधला अक्षांश २२.४९, त्याचा कोसाइन ०.९२४. म्हणून १२.१९ × १११.२ × ०.९२४ = १२५२.५ किलोमीटर पूर्वेला.
२९८ चा वर्ग आणि १२५२.५ चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की येतात १२८७ किलोमीटर.

गोलाचं पूर्ण सूत्र लावलं तरी उत्तर १२८७ च येतं. कोसाइन विसरलात तर मात्र १३८८ येईल, म्हणजे १०१ किलोमीटर जास्तीचे. हाताने काढलेल्या हवाई अंतरात सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. दोन शहरं पूर्व-पश्चिम असली की ती मोठी दिसते आणि उत्तर-दक्षिण असली की लपते. लेहचा रेखांश ७७.५८ आहे, नागपूरपेक्षा फक्त दीड अंशाने कमी, त्यामुळे तिथे कोसाइन विसरूनही उत्तर दोन-तीन किलोमीटरनेच चुकतं. लेहचं गणित जमलं म्हणून पद्धत बरोबर आहे असं धरून चालू नका.

फार लांब जायचं असेल तर

ही युक्ती दोनेक हजार किलोमीटरपर्यंत छान चालते. पुढे पृथ्वीचा गोलावा नडतो. सैबेरियातलं याकुत्स्क घ्या: ६२.०३ उत्तर, १२९.७३ पूर्व. कागदी युक्तीने नागपूर-याकुत्स्क ६१९७ किलोमीटर येतं. खरं हवाई अंतर सुमारे ५९३९ आहे. फरक अडीचशे किलोमीटरांच्या वर, म्हणजे नागपूरहून रायपूरला जाऊन पोचाल इतका.

अशा वेळी हे सूत्र लावा. पहिल्या शहराच्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्याच्या अक्षांशाचा साइन. त्यात मिळवा पहिल्याचा कोसाइन गुणिले दुसऱ्याचा कोसाइन गुणिले रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन. ही बेरीज ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन काढा, म्हणजे कॅल्क्युलेटरवर उलटा कोसाइन दाबा. जो कोन अंशांत येईल त्याला १११.१९५ ने गुणा. याकुत्स्कसाठी बेरीज ०.५९६०७ येते, कोन ५३.४१ अंश.

मोबाईलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनवर साइन-कोसाइनची बटणं दिसतात. सुरू करण्याआधी साइन ३० करून पाहा. उत्तर ०.५ आलं तर कॅल्क्युलेटर अंशांत आहे. उणे ०.९८८ आलं तर तो रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात आहे आणि पुढचं सगळं फुकट जाईल. स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर ती साइन-कोसाइन नेहमी रेडियनमध्येच काढते, म्हणून प्रत्येक कोनाला आधी ०.०१७४५३३ ने गुणून घ्यावं लागतं. शेवटचं उत्तरही रेडियनमध्ये येतं. त्याला ६३७१ ने गुणलं की किलोमीटर मिळतात.

हे ६३७१ म्हणजे पृथ्वीची सरासरी त्रिज्या. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे: विषुववृत्ताकडची त्रिज्या ६३७८ किलोमीटर, ध्रुवाकडची ६३५७. त्यामुळे गोल धरून काढलेल्या उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहते. प्रवासासाठी ती चालते. दोन वेबसाइटवर चार-पाच किलोमीटरचा फरक दिसतो तो बहुतेक यामुळे, एकीने गोल धरलेला असतो आणि दुसरीने चपटेपणाही.

नकाशावर पट्टी लावून मोजू नका. मोबाईलच्या नकाशात उत्तरेकडचे प्रदेश मोठे करून दाखवलेले असतात. नागपूरच्या आसपास ही वाढ सात टक्के आहे, लेहजवळ वीस टक्क्यांच्या वर. एकच पट्टी दोन्हीकडे लागू पडत नाही. त्यापेक्षा नकाशातली ‘अंतर मोजा’ ही सोय वापरा, ती आतून गोलाचंच गणित करते.

विमान प्रत्यक्षात किती उडतं

नागपूरहून लेहला किंवा अगरतळ्याला जाताना बहुधा मध्ये विमान बदलावं लागतं. तेव्हा सरळ रेषेचं अंतर बाजूला ठेवा आणि तुकडे जोडा. नागपूर-दिल्ली ८५३ आणि दिल्ली-लेह ६२२, बेरीज १४७५. विमानतळ ते विमानतळ सरळ रेषा १४५८ आहे, म्हणजे वळसा फक्त १७ किलोमीटरचा. दिल्ली जवळजवळ वाटेवरच आहे.

अगरतळ्याला हेच उलटं पडतं. कोलकातामार्गे ९८५ आणि ३१७, एकूण १३०२. दिल्लीमार्गे तिकीट काढलं तर २३५० च्या वर, म्हणजे जवळपास दुप्पट. तिकीट शोधताना स्वस्त दिसतं म्हणून लोक दिल्लीमार्गे घेतात आणि दिवस घालवतात. आधी दोन्हीकडून तुकड्यांची बेरीज करून पाहा, मग भाव बघा.

शिवाय उड्डाण काही अगदी सरळ रेषेत होत नाही. विमानाला ठरलेल्या हवाई मार्गांनी जावं लागतं, धावपट्टीच्या दिशेने चढावं-उतरावं लागतं, आणि पावसाळ्यात ढगांना वळसे घालावे लागतात. जवळच्या उड्डाणात या वळशांचा वाटा जास्त पडतो. वेळेसाठी सोपा हिशेब: किलोमीटरांना ८०० ने भागा, तेवढे तास, आणि त्यात ३५ मिनिटं मिळवा. नागपूर-दिल्लीला एक तास चार मिनिटं अधिक ३५, म्हणजे साधारण एक तास चाळीस मिनिटं. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकाशी हे चांगलं जुळतं.

एककाचंही बघून घ्या. विमानवाले सागरी मैल वापरतात, तो १.८५२ किलोमीटरचा. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. अगरतळ्याचं १२८७ किलोमीटर अंतर सागरी मैलांत ६९५ दिसतं आणि जमिनीच्या मैलांत ८००. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असेल तर कोणता, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रस्त्याचं अंतर

इथे खरी मेहनत आहे. नकाशाला दोन टोकं दिली आणि जो आकडा आला तो लिहून घेतला, असं करू नका. नकाशा लवकर पोचवणारी वाट शोधतो, कमी अंतराची नव्हे, आणि त्या क्षणीच्या ट्रॅफिकप्रमाणे ती बदलतो. सकाळी नागपूर-दिल्लीसाठी सिवनी-सागर-झाशीचा रस्ता दाखवेल, संध्याकाळी बैतूल-भोपाळ-ग्वाल्हेरचा. दोन्ही चालणारे रस्ते आहेत, पण अंतर वेगळं.

म्हणून वाट आधी तुम्ही ठरवा आणि ती तुकड्यांत मोजा. राष्ट्रीय महामार्ग ४४ ने जायचं तर तुकडे असे: नागपूर ते सिवनी, सिवनी ते लखनादोन, लखनादोन ते सागर, सागर ते झाशी, झाशी ते ग्वाल्हेर, ग्वाल्हेर ते आग्रा, आग्रा ते दिल्ली. लखनादोनचं नाव मुद्दाम घातलं आहे. तिथे रस्ता फुटतो, एक जबलपूरकडे जातो आणि ४४ क्रमांकाचा नरसिंहपूर-सागरकडे. फाटे फुटतात ती गावं मधले थांबे म्हणून टाकली की नकाशाला वाट बदलायला जागा राहत नाही. एका वेळी ठरावीक थांबेच टाकता येतात, म्हणून लांबचा प्रवास दोन-तीन भागांत मोजा आणि बेरीज वहीत करा.

शहरातून जायचं की बायपासने, हेही तुकड्यागणिक ठरवा. जेवायला किंवा मुक्कामाला शहरात शिरणार असाल तर थांबा शहराच्या मध्यात टाका, नसाल तर बायपासवरच्या एखाद्या टोलनाक्यावर. सात-आठ शहरांत प्रत्येकी सहा-सात किलोमीटरचा फरक पडला की एकूण अंतरात पन्नास किलोमीटर असेच येतात.

महामार्गांचे जुने क्रमांक अजून लोकांच्या तोंडात आहेत. २०१० मध्ये नवे क्रमांक आले. नागपूरवरून जाणारा जुना ७ आता ४४ आहे आणि जुना ६ आता ५३. ढाब्यावर ‘सहा नंबरने जा’ असं सांगितलं तर ते रायपूर किंवा अमरावतीच्या रस्त्याबद्दल बोलत असतात. ईशान्येत आजचा राष्ट्रीय महामार्ग ६ शिलाँगवरून ऐझॉलकडे जातो, त्याचा नागपूरशी संबंध नाही.

आता लेह. नागपूर-दिल्ली सुमारे १०८०, दिल्ली-मनाली सुमारे ५३०, मनाली-लेह सुमारे ४३०. बेरीज २०४०. हवाई अंतराच्या १.४ पट. पण हा आकडा वर्षातले काही महिनेच खरा असतो. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून पलीकडच्या लाहौल खोऱ्यापर्यंत हिवाळ्यातही जाता येतं, म्हणून मनाली-लेह रस्ता बारमाही झाला असा अनेकांचा समज आहे. बोगदा रोहतांगच्या खालून जातो. पुढच्या खिंडी, ४८९० मीटरवरचा बारालाचा आणि ५३२८ मीटरवरचा टांगलांग ला, उघड्यावरच आहेत आणि बर्फाने बंद होतात. मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ सोडला तर हा रस्ता हिशेबात धरू नका. श्रीनगरमार्गे गेलं तर २३२० च्या आसपास होतात आणि तिथेही झोजिला खिंड बर्फावर अवलंबून आहे. जानेवारीत नकाशाने दाखवलेलं अंतर कागदावर बरोबर असलं तरी त्या दिवशी गाडी जाईलच असं नाही. सीमा सडक संघटना आणि स्थानिक पोलीस रस्ता उघडल्याचं जाहीर करतात, निघण्याआधी ते पाहा.

मनाली-लेहच्या वाटेवर लाहौलमधल्या तांदीच्या पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी आहे. तुकड्यांत मोजण्याचा खरा फायदा इथे कळतो. एकूण २०४० या आकड्यातून पेट्रोलचं नियोजन होत नाही, तांदीच्या पुढच्या तुकड्यातून होतं. चढावर गाडीचं ॲव्हरेज पडतं, म्हणून या तुकड्यासाठी सपाटीपेक्षा पाव हिस्सा जास्त इंधन धरा.

अगरतळ्याची गोष्ट निराळी आहे. कोलकाता ते अगरतळा हवाई अंतर ३१७ किलोमीटर, आणि रस्त्याने दीड हजाराच्या वर. मध्ये बांगलादेश आहे. भारतातूनच जायचं तर सिलिगुडीजवळची वीस-बावीस किलोमीटर रुंदीची चिंचोळी पट्टी ओलांडून, गुवाहाटी-शिलाँग करत खाली यावं लागतं. नागपूरहून जाणाऱ्याने म्हणूनच कोलकात्याला जायची गरज नाही: जबलपूर, वाराणसी, पाटणा करत सिलिगुडी गाठली तर अडीच हजारांच्या आसपास काम होतं. हवाई अंतराच्या जवळपास दुप्पट. पावसाळ्यात मेघालयातल्या सोनापूरजवळ दरड कोसळून रस्ता अडतो, तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये एक जास्तीचा दिवस धरूनच निघा.

काही शहरांना रस्त्याचं अंतर नसतंच. पोर्ट ब्लेअर, २०२४ पासून श्री विजयपुरम, नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे १८०० किलोमीटर आहे. रस्त्याने चेन्नई, विशाखापट्टणम किंवा कोलकात्यापर्यंतच जाता येतं, पुढे जहाज. एखादी वेबसाइट इथलं ‘ड्रायव्हिंग’ अंतर देत असेल तर ती हवाई अंतराला कसल्यातरी आकड्याने गुणते आहे असं समजा आणि तिचे बाकीचे आकडेही वापरू नका.

याकुत्स्कची अडचण याहून बारीक आहे. तिथून मगादान शहराला जाणारा कोलिमा महामार्ग सुमारे २०३० किलोमीटरचा, तर हवाई अंतर ११७०. पण महामार्ग सुरू होतो लेना नदीच्या पलीकडच्या काठावर. उन्हाळ्यात नदी फेरीबोटीने ओलांडतात, हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावरून गाड्या जातात. बर्फ धरण्याच्या आणि फुटण्याच्या आठवड्यांत यातलं काहीच चालत नाही. नकाशावर रेषा सलग दिसत असली तरी नदीवर पूल आहे का, हे जवळ जाऊन पाहायचं ते यासाठी.

आकडा पटतो का, हे झिरो माइलच्या दगडावर शिका

रस्त्याचं अंतर भागिले हवाई अंतर, हे गुणोत्तर नेहमी काढा. चुकीचा आकडा त्यात लगेच उघडा पडतो. सराव करायला नागपुरात आयतं साहित्य आहे. १९०७ मध्ये उभारलेल्या झिरो माइलच्या षटकोनी खांबावर गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत.

रायपूर १७४ मैल, म्हणजे २८० किलोमीटर. हवाई अंतर २६४. गुणोत्तर १.०६, सपाट मुलुखातला जवळजवळ सरळ रस्ता. जबलपूर १७० मैल, २७४ किलोमीटर, हवाई २४५, गुणोत्तर १.१२, मध्ये सातपुडा आहे. हैदराबाद ३१८ मैल, ५१२ किलोमीटर, हवाई ४२३, गुणोत्तर १.२१. आणि चांदा १२५ मैल, म्हणजे २०१ किलोमीटर, हवाई १३३ असताना. गुणोत्तर दीड. आज चंद्रपूरला दीडशे-एकशेसाठ किलोमीटरांत पोचता येतं. दगडावरचा आकडा त्या काळच्या वाटेचा आहे. छापील असो की कोरलेला, रस्त्याचा कुठलाही आकडा एका विशिष्ट वाटेचा असतो, हे चांद्यावरून नीट कळतं.

यावरून पडताळणीचा अंदाज बांधता येतो. मैदानात १.०५ ते १.२५ ठीक. मध्ये डोंगररांग असेल तर १.३ ते १.५. सीमा, खाडी किंवा मोठी नदी आडवी असेल तर दोन किंवा त्याहून जास्तही. गुणोत्तर १ पेक्षा कमी आलं तर कुठेतरी नक्की चूक आहे: आकडे उलटे पडलेत, मैल-किलोमीटरची गल्लत झाली आहे किंवा दुसरंच बिलासपूर आलं आहे. आणि एखाद्या साइटवर प्रत्येक शहरासाठी एकच गुणोत्तर येत असेल, तर तिने रस्ता मोजलेलाच नाही.

डोंगरात रस्ता लांबतो तो चढामुळे, असं पुष्कळांना वाटतं. हिशेब करून पाहा: आठ टक्के चढाच्या रस्त्यावर नकाशातल्या एका किलोमीटरमागे प्रत्यक्षात फक्त तीन मीटर वाढतात. लांबवतात ती वळणं, कारण गाडी चढेल एवढाच चढ ठेवायला रस्ता नागमोडी न्यावा लागतो.

सरळ अंतर जमिनीवर त्रिकोण आखून मोजण्याचं काम या भागात दोनशे वर्षांपूर्वी झालं आहे. १८०२ मध्ये मद्रासला सुरू झालेलं त्रिकोणमितीय सर्वेक्षण घेऊन विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे येत होते. जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. वर्धा रोडने जाताना ती पाहून घ्यावी, या विषयाची आस्था असणाऱ्याने तर नक्कीच.

प्रत्यक्ष प्रवासात मोजताना

गाडीचा मीटर पूर्ण खरा नसतो. टायर झिजले की चाक लहान होतं, जास्त फेरे घेतं आणि मीटर अंतर फुगवून दाखवतो. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवर दहा किलोमीटर तपासून घ्या. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. मात्र रस्ता रुंद करताना काही ठिकाणी दगड हलतात, म्हणून एकाच दगडावर विसंबू नका.

एसटीच्या तिकिटावरून अंतर काढायचं असेल तर एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा असतो हे लक्षात ठेवा. आकारणी पूर्ण टप्प्यांची होते, त्यामुळे त्या आकड्यात पाच-सहा किलोमीटर मागेपुढे होणारच.

वेळेसाठी अख्ख्या प्रवासाला एकच सरासरी लावू नका. चौपदरी महामार्गावर चहापाणी धरून ताशी ६०, दुपदरीवर ४०, हिमालयाच्या घाटात २५. मनाली-लेहचे ४३० किलोमीटर म्हणूनच दोन दिवसांचे, मध्ये जिस्पा किंवा सरचूचा मुक्काम. विमानाने गेलात तरी लेह ३५०० मीटरवर आहे, पोचल्यावर पहिले एक-दोन दिवस विश्रांतीचे धरावेच लागतात. लेहची बहुतेक विमानं सकाळची असतात, त्यामुळे नागपूरहून जाणाऱ्याची रात्र अनेकदा दिल्लीत जाते. तीही हिशेबात घ्या.

शेवटी वहीत आकडा लिहाल तो असा लिहा: नागपूर झिरो माइल ते लेह मुख्य बाजार, रस्त्याने, सागर-झाशी-दिल्ली-मनाली-सरचूमार्गे, सुमारे २०४० किलोमीटर, मोजल्याचा महिना जून. हवाई १४५३, गुणोत्तर १.४०. पुढच्या वर्षी एखादा बायपास वाढला तर फक्त तेवढा तुकडा बदलायचा.